फ्रॅकनंतरच्या चाचणीत भेग दरवेळी आखूडच का निघते?

तक्रार ओळखीची आहे. टाइट गॅसच्या, म्हणजे सहज वाट न देणाऱ्या घट्ट खडकातल्या गॅसच्या विहिरीत फ्रॅक झाला, म्हणजे जोरानं द्रव पंप करून खडकात भेग पाडली. डिझाइनच्या कागदावर प्रॉपंट (भेग उघडी धरणारे कण) भरलेली अर्धलांबी, म्हणजे विहिरीपासून भेगेच्या एका टोकापर्यंतची लांबी, ३०० फूट. फ्लोबॅक झाला (पंप केलेलं पाणी परत आलं), विहीर काही दिवस वाहती ठेवली, मग आठवडाभर शट-इन करून (विहीर बंद ठेवून) बिल्ड-अप घेतला, म्हणजे दाब कसा चढतो ते मोजलं. विश्लेषणात अर्धलांबी आली ९५ फूट. फ्रॅकवाले म्हणतात चाचणी चुकली, चाचणीवाले म्हणतात भेग तेवढी उघडलीच नाही. शेवटी पुढच्या विहिरीत प्रॉपंट वाढवायचं ठरतं, आणि तिथंही हेच घडतं.

चूक कधी इकडे, कधी तिकडे झाली असती तर नशिबाला बोल लावता आला असता. पण उत्तर दरवेळी आखूडच येत असेल तर कारण पद्धतीत शोधावं. भेग खरोखर आखूड असू शकते, त्याकडे पुढे येतोच. मात्र माझ्या पाहण्यातल्या बहुतेक प्रकरणांत आधी पारगम्यतेचा (खडक किती सहज प्रवाह जाऊ देतो त्याचा) आकडा तपासावा लागला, भेग नंतर.

पहिला प्रश्न: पारगम्यता आणली कुठून?

फ्रॅक केलेल्या विहिरीत सुरुवातीला गॅस भेगेच्या दोन्ही अंगांनी सरळ रेषेत भेगेकडे येतो. हा लिनियर प्रवाह. लॉग-लॉग आलेखावर दाब आणि त्याचा डेरिव्हेटिव्ह (काळाच्या लॉगनुसार दाब बदलण्याचा दर) दोघेही अर्ध्या उतारानं चढतात. या टप्प्यातून काय मिळतं, हे नीट लक्षात घ्या: थराची जाडी, अर्धलांबी आणि पारगम्यतेचं वर्गमूळ यांचा गुणाकार. तिघांपैकी एकही आकडा सुटा मिळत नाही.

आता वरचं उदाहरण घ्या. खरी पारगम्यता ०.०१ मिलीडार्सी (पारगम्यतेचं एकक) आणि अर्धलांबी ३०० फूट असेल, तर अर्धलांबी गुणिले वर्गमूळ म्हणजे ३०० × ०.१ = ३०. चाचणीनं हा ३० बरोबर मोजला. पण विश्लेषकाजवळ पारगम्यता नव्हती, म्हणून त्यानं कोअरच्या (थरातून कापून आणलेल्या खडकाच्या नमुन्याच्या) अहवालातली हवेनं मोजलेली ०.१ मिलीडार्सी घातली. तिचं वर्गमूळ ०.३१६, म्हणून अर्धलांबी ९५ फूट. म्हणजे चाचणी बरोबर, गणित बरोबर आणि उत्तर तिप्पट चुकीचं.

कोअरचा कोरडा तुकडा प्रयोगशाळेत कमी दाबाखाली मोजला, तर टाइट खडकात आकडा फुगतोच. खाली त्याच खडकावर कितीतरी जास्त ताण असतो, छिद्रांत पाणी असतं, आणि अरुंद वाटा याच दोन गोष्टींनी सगळ्यात आधी बंद होतात. कोअरच्या आणि थरातल्या पारगम्यतेत दहापट फरक या खडकांत नवलाचा नाही. म्हणून अहवालात अर्धलांबीशेजारी पारगम्यता कुठून घेतली ते लिहिलेलं नसेल, तर त्या अर्धलांबीवर मी वेळ घालवत नाही.

सूडो-रेडियल प्रवाह दिसला, की दिसला असं वाटलं?

पारगम्यता चाचणीतूनच काढायची तर सूडो-रेडियल प्रवाहापर्यंत, म्हणजे गॅस चहूबाजूंनी विहिरीकडे येऊ लागेपर्यंत, थांबावं लागतं. तिथं डेरिव्हेटिव्ह सपाट होतो आणि त्या पठाराच्या उंचीवरून पारगम्यता गुणिले जाडी मिळते. किती थांबायचं, ते आधी हिशोब करून पाहा. सच्छिद्रता ८ टक्के, गॅसची श्यानता ०.०२ सेंटिपॉइज, एकूण संपीड्यता दर पीएसआयला ०.०००१५, पारगम्यता ०.०१ मिलीडार्सी, अर्धलांबी ३०० फूट. मितीरहित काळ (याच आकड्यांच्या मापानं मोजलेला, एकक नसलेला काळ) ०.०१६ च्या आसपास लिनियर प्रवाह संपतो, म्हणजे सुमारे १३१ तासांनी, साडेपाच दिवसांत. सूडो-रेडियल सुरू व्हायला मितीरहित काळ २ धरला, तर लागतात साधारण ६८० दिवस.

पारगम्यता ०.१ असती तर ६८ दिवस, ०.००१ असती तर साडेअठरा वर्षं. अर्धलांबी निम्मी केली तर वेळ पाव होतो, म्हणजे ०.०१ च्या खडकात १७० दिवस. गंमत अशी की फ्रॅक जितका चांगला, तितकी ही चाचणी लांबते.

सात दिवसांच्या बिल्ड-अपमध्ये पठार दिसणार नाही, हे विहिरीवर जाण्याआधीच कळायला हवं होतं. तरीही अहवालात हॉर्नर आलेखाच्या (बिल्ड-अपचा दाब काळाच्या गुणोत्तराच्या लॉगसमोर मांडणाऱ्या आलेखाच्या) शेवटच्या काही बिंदूंतून सरळ रेष ओढलेली असते. हॉर्नरची पद्धत १९५१ ची आहे आणि तिच्या जागी ती उत्तमच आहे. पण ती रेष रेडियल प्रवाहातच ओढायची असते. लिनियर प्रवाह संपताना डेरिव्हेटिव्ह अंतिम पठाराच्या जेमतेम २२ टक्क्यांवर असतो. तिथल्या उतारावरून पारगम्यता काढली तर ती सुमारे साडेचारपट जास्त येते. ती घेऊन लिनियर प्रवाहाच्या गुणाकारातून अर्धलांबी सोडवा, ३०० चे १४० होतील. शिवाय तीच कमी उताराची रेष पुढे वाढवून थराचा दाब काढला की तो खऱ्यापेक्षा कमी येतो, आणि विहीर नवी असूनही ‘थर रिता होतोय’ अशी कुजबुज सुरू होते.

म्हणजे कोअरचा आकडा घ्या नाहीतर घाईची हॉर्नर रेष ओढा, दोन्हींत पारगम्यता फुगते आणि भेग आखडते. दरवेळी एकाच बाजूला झुकणाऱ्या उत्तराचं मूळ बहुधा इथंच सापडतं.

अर्धा उतार आहे की पाव?

आलेख उघडा आणि उतार स्वतः मोजा. सॉफ्टवेअरनं आपोआप बसवलेल्या मॉडेलवर विसंबू नका.

भेगेची वाहकता (भेगेची पारगम्यता गुणिले रुंदी) थराच्या मानानं फार मोठी नसेल तर भेगेच्या आतही दाब पडतो. मग आधी बायलिनियर प्रवाह दिसतो: उतार पाव, आणि डेरिव्हेटिव्ह दाबफरकाच्या एकचतुर्थांश. लिनियर प्रवाहात तो निम्मा असतो. सिन्को-ले आणि सामानिएगो यांनी १९७८ मध्ये आणि पुढे १९८१ मध्ये ही मांडणी स्पष्ट केली. त्याआधी १९७४ मध्ये ग्रिंगार्टेन, रॅमी आणि राघवन यांनी अमर्याद वाहकतेच्या भेगेचं उत्तर दिलं होतं. बायलिनियर टप्प्यातून मिळतो तो वाहकता गुणिले पारगम्यतेचं वर्गमूळ एवढाच आकडा. अर्धलांबी त्यात येतच नाही.

हा मुद्दा किती नडतो ते पाहा. डिझाइनमध्ये वाहकता १०० मिलीडार्सी-फूट धरली आहे. ०.०१ मिलीडार्सी आणि ३०० फुटांना मितीरहित वाहकता (वाहकतेला पारगम्यता आणि अर्धलांबी यांच्या गुणाकारानं भागून) ३३ येते, म्हणजे छानच. पण प्रयोगशाळेतला प्रॉपंटचा आकडा आणि प्रत्यक्ष भेगेतला आकडा यांत जमीन-अस्मानाचं अंतर असतं. जेलचा गाळ उरतो, कण खडकात रुततात, चुरा होतो, गॅसबरोबर पाणी वाहतं आणि वेग वाढला की फोर्शहायमरचा जादा दाबऱ्हास येतो. यातून वाहकता दहावा हिस्सा उरली, तर मितीरहित वाहकता ३.३. मग बायलिनियर प्रवाह सुमारे ७५ तास चालतो, आणि स्वच्छ लिनियर प्रवाह पुढे कधी येतच नाही. बायलिनियरनंतर लांबलचक संक्रमण, आणि मग थेट सूडो-रेडियल.

अशा विहिरीत तीन दिवसांचा बिल्ड-अप घेऊन त्यावर अर्धा उतार ठोकून बसवला, तर निघणाऱ्या अर्धलांबीला काहीच अर्थ नसतो. पाव आणि अर्ध्याच्या मधल्या संक्रमणात रेष कुठंही बसवता येते, म्हणून तो आकडा विश्लेषकाच्या हातावर ठरतो.

आणखी एक खूण. दाबफरकाची रेष डेरिव्हेटिव्हच्या दुपटीपेक्षा बरीच वर तरंगत असेल, पण डेरिव्हेटिव्ह मात्र शुद्ध अर्ध्या उतारानं चढत असेल, तर विहिरीलगत भेग गुदमरलेली असण्याची शक्यता मोठी. शेवटच्या टप्प्यात प्रॉपंट खाली ढकलला गेला की असं होतं. जादा दाबऱ्हास दाबफरकात मिसळतो, डेरिव्हेटिव्हला लागत नाही. म्हणून लांबी डेरिव्हेटिव्हवरून काढा आणि गुदमरलेपणाचा हिशोब वेगळा ठेवा.

शट-इन कुठं केला, गेज कुठं होतं?

आता थोडं विहिरीतच उतरू, कारण काही वेळा थर आणि भेग दोघेही निर्दोष असतात.

वरच्या व्हॉल्व्हनं विहीर बंद केली की आख्ख्या ट्यूबिंगभर (विहिरीतल्या उत्पादनाच्या नळीभर) गॅस दबत राहतो. २ ७/८ इंची ट्यूबिंग आणि १०,००० फूट खोली धरली तर ही जागा साधारण ५८ बॅरल भरते. तेवढा गॅस दबेपर्यंत थरातून प्रवाह चालूच असतो आणि आलेखावर एकक उतार दिसतो. हे वेलबोअर स्टोरेज बायलिनियर टप्पा सरसकट गिळतं. मग भेगेच्या वाहकतेबद्दल बोलायला काही उरतच नाही. खालीच बंद करणारं साधन वापरता आलं तर वापरा. जमत नसेल तर निदान अहवालात ‘बायलिनियर प्रवाह आढळला नाही’ असं लिहू नका. तो होता की नव्हता, हे तुम्हाला दिसलेलंच नाही.

पाण्याचा घोळ याहून वाईट. फ्रॅकचं पाणी अजून परत येत असतं. विहीर बंद झाली की ट्यूबिंगमधलं पाणी खाली बसतं, गॅस वर जातो, आणि दाब मध्येच उंचावून पुन्हा उतरतो. ही खूण १९५८ पासून माहीत आहे, तरी दर दोन-चार अहवालांत कुणीतरी त्या उंचवट्याला दुहेरी सच्छिद्रतेचं (नैसर्गिक भेगा असलेल्या खडकाचं) मॉडेल बसवतोच.

एकदा मीही फसलो आहे. गेज, म्हणजे दाबमापक, पर्फोरेशनच्या (जिथून गॅस विहिरीत येतो त्या छिद्रांच्या) १२० मीटर वर बसवलं होतं, कारण खालपर्यंत जायची वाट खात्रीची नव्हती. डेरिव्हेटिव्ह तिसऱ्या दिवशी सुबकपणे वर वळला. मी बंदिस्त सीमा लिहिली, तिचं अंतरही दिलं. नंतर ग्रेडियंट सर्व्हे (खोलीनुसार दाब किती वाढतो त्याची मोजणी) झाला तेव्हा कळलं, की त्या काळात पाण्याची पातळी गेज आणि पर्फोरेशन यांच्यामध्ये हलत होती. पाण्याचा ग्रेडियंट दर फुटाला ०.४३३ पीएसआय, त्या दाबाच्या गॅसचा ०.१ च्या आसपास. १२० मीटरमध्ये सगळं पाणी किंवा सगळा गॅस असा फरक पडला तर १३० पीएसआय इकडचे तिकडे होतात. माझी ‘सीमा’ त्यातल्या थोड्याशा पीएसआयची होती. तेव्हापासून बिल्ड-अप सुरू होताना आणि संपताना ग्रेडियंट घेतल्याशिवाय मी सहीच करत नाही. विहीरमुखाच्या दाबावरून तळाचा दाब काढणाऱ्यांनी तर पाणी असलेल्या विहिरीत हा उद्योगच करू नये.

विहीर वाहती असताना पाणी वर येतंय का, हेही पाहा. टर्नर, हबार्ड आणि डकलर यांचा १९६९ चा किमान दराचा निकष हाताशी ठेवा. दर त्याच्या खाली असेल तर तळात पाणी साठतंय, आणि बंद करण्याआधीचा ‘स्थिर’ दाब स्थिर नाही.

बंद करण्याआधी वाहिली किती?

एक दिवस वाहती आणि सात दिवस बंद, असं वेळापत्रक मी अनेकदा पाहिलं आहे. त्यातले बरेच दिवस फुकट जातात. अगरवालचा समतुल्य काळ (वाहत्या आणि बंद काळाचा गुणाकार भागिले त्यांची बेरीज) कितीही थांबलात तरी वाहत्या काळाच्या पुढे जात नाही. २४ तास वाहिलेल्या विहिरीत सात दिवस गेज ठेवलं तरी तुम्ही २४ तासांच्या अलीकडेच घुटमळता, शेवटचे सगळे बिंदू तिथं दाटीवाटीनं बसतात. आणि समतुल्य काळ न वापरता नुसता बंद काळ घेतला, तर आलेख सपाट होऊन बाहेरून आधार मिळतोय असा भास होतो.

शिवाय समतुल्य काळ हा मुळात रेडियल प्रवाहासाठी आहे. लिनियर प्रवाहात वर्गमुळांचं सुपरपोझिशन वापरा: एकूण काळाचं वर्गमूळ वजा बंद काळाचं वर्गमूळ. वाहता काळ बंद काळाच्या कितीतरी पट असेल तर दोन्हींत फार फरक पडत नाही, पण टाइट गॅसमध्ये तशी चैन क्वचितच मिळते. फ्लोबॅकचे दर ‘सरासरी’ म्हणून एकाच आकड्यात गुंडाळू नका. चोक (प्रवाह आवरणारी अरुंद वाट) बदलल्याच्या वेळा तासागणिक लागतात.

दाबाऐवजी सूडो-प्रेशर (दाबाबरोबर बदलणारे गॅसचे गुणधर्म हिशोबात धरून काढलेला आकडा) वापरायचं, हे सांगायची गरज नसावी. १९६६ पासून हा शिरस्ता आहे. टाइट विहिरीत ड्रॉडाउन (वाहताना होणारी दाबाची घट) मोठा असतो, त्यामुळे इथं तर सुटकाच नाही.

मग पारगम्यता मिळवायची कशी?

फ्रॅकच्या आधी. सगळ्यात उपयोगी ठरते ती छोटी इंजेक्शन चाचणी, जिला सगळे डीफिट म्हणतात. प्रॉपंट नाही, जेल नाही, थोडंसं पाणी काही मिनिटं पंप करून लहान भेग उघडायची आणि मग दिवसेंदिवस दाब उतरताना पाहायचा. नोल्टेच्या जी-फंक्शनवरून (पंप थांबल्यानंतरच्या काळाच्या एका फलनावरून) भेग मिटल्याचा क्षण ठरवा. मिटल्यानंतर दाब आधी काळाच्या वर्गमुळाच्या व्यस्त आणि मग थेट काळाच्या व्यस्त उतरू लागतो. हा दुसरा टप्पा रेडियल, आणि पारगम्यता तिथं मिळते.

ती वाया घालवण्याचे प्रकारही ठरलेले आहेत. ‘चांगली भेग उघडूया’ म्हणून जास्त पाणी पंप होतं. मग रेडियल टप्पा आठवड्यांनी पुढे जातो आणि फ्रॅकचं पथक दारात उभं असतं. गेज फक्त वर ठेवलं जातं. थराचा दाब पाण्याच्या स्तंभापेक्षा कमी असेल तर विहीरमुखाचा दाब शून्यावर येतो आणि नेमका हवा तो भाग हरवतो. १०,००० फुटांना हा स्तंभ ४,३३० पीएसआयचा असतो, त्यावरून आधीच ठरवा. आणि व्हॉल्व्ह गळतो. गळणारा व्हॉल्व्ह सुंदर रेडियल प्रवाहासारखा दिसू शकतो, म्हणून पंपाची लाइन सोडवण्याआधी गळती तपासा.

फ्रॅक होऊन गेला असेल आणि आधीची पारगम्यता नसेल, तर महिनोन्‌महिने उत्पादनाचीच चाचणी करा. सूडो-प्रेशरचा फरक भागिले दर, हा आकडा काळाच्या वर्गमुळासमोर मांडा. सरळ रेष म्हणजे लिनियर प्रवाह. ती रेष कधी वाकते ते पाहा; न वाकल्याचा काळ जितका लांबतो, तितकी पारगम्यतेची वरची मर्यादा खाली येते. इथं बिल्ड-अपसारखा गुळगुळीत डेटा नसतो, पण ६८० दिवस विहीर बंद ठेवायची गरजही नसते. अशा विहिरीला आर्प्सचा घसरण-आलेख (उत्पादनाचा दर कसा घटतो त्याचं सूत्र) बसवला की घातांक २ च्या जवळ येतो. तो संक्रमणाचा घातांक आहे. तोच पुढे रेटून साठा काढला तर साठाही कागदावरच फुगतो.

चार बिंदूंची डिलिव्हरेबिलिटी चाचणी (चार दरांना विहीर वाहवून तिची क्षमता काढायची चाचणी) मागितली गेली तर नम्रपणे नाही म्हणा. दर बिंदूला दाब स्थिर व्हावा लागतो. १,००० फूट त्रिज्येच्या क्षेत्राला, वरच्याच खडकात, त्यासाठी अडीच वर्षांहून जास्त लागतील. मॉडिफाइड आयसोक्रोनल पद्धतीनं (सारख्या वेळांचे वाहते-बंद टप्पे घेऊन) उतार मिळतो, पण एक स्थिर बिंदू तिलाही लागतोच. तो नसताना सांगितलेला ॲब्सोल्यूट ओपन फ्लो (विहिरीचा कमाल सैद्धांतिक दर) सहा महिन्यांनी कुणी आठवून देऊ नये, अशीच आपली इच्छा असते.

हे सगळं तपासलं, तरी भेग आखूड आहे

होऊ शकतं. पारगम्यता डीफिटवरून पक्की आहे, लिनियर प्रवाह निःसंशय आहे, गेज पर्फोरेशनपाशी होतं, आणि तरी ३०० चे १५० आले. आता गुणाकारातल्या तिसऱ्या घटकाकडे, जाडीकडे पाहा. भेग खाली-वर बिनकामाच्या शेलमध्ये पसरली असेल तर प्रॉपंट तिथं गेला. किंवा नेट पे (गॅस देणारी जाडी) मोठी धरून तुम्हीच लांबी कापली असेल. त्यानंतर पाणी: भेगेच्या टोकाकडचं पाणी उरलेलं असेल तर तेवढी लांबी चाचणीला दिसत नाही.

याचा निकाल एका चाचणीत लागत नाही. तीच पारगम्यता आणि तीच जाडी कायम ठेवून काही महिन्यांनी दुसरा बिल्ड-अप घ्या. अर्धलांबी वाढलेली आली तर भेग साफ होत होती, प्रॉपंट वाढवायचं कारण नव्हतं. घटली तर वाहकता जातेय, आणि प्रॉपंटच्या प्रमाणापेक्षा त्याच्या ताकदीचा विचार करा. जशीच्या तशी आली तर भेग तेवढीच आहे. फ्रॅकवाल्यांशी भांडायचं असेल तर ते तेव्हा.

आणि आठवड्याभराच्या बिल्ड-अपवरून उद्याच आकडा हवा असेल तर गुणाकार द्या. जाडी गुणिले अर्धलांबी गुणिले वर्गमूळ, शेजारी पारगम्यतेच्या तीन किमतींना येणाऱ्या तीन अर्धलांब्या. वरच्या विहिरीत ०.००५ ला ४२४ फूट, ०.०१ ला ३००, ०.०४ ला १५०. एकच आकडा मागणाऱ्याला पारगम्यता त्यानं स्वतः निवडून सांगावी, असं लिहून पाठवा.